स्वच्छ रेकॉर्डिंग

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा बोलता करणारं सॉफ्टवेअर घ्यायला दिगंबर खानोलकर दुकानात आले होते. त्याच्याशी कोणतं साउंड कार्ड जुळतं, कोणते स्पीकर चालतात, हे दुकानातल्या मृण्मयीने समजावलं.

"आता काकूंचा आवाज द्या. दहा मिनिटांचा पुरे."

त्यांनी स्वतःच्या गाण्यांची तीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज पुढे केली. ते गात असताना त्यांची बायको सुमती त्याच खोलीत भाजी निवडत बसायची.

मृण्मयीने सगळी तपासली. सात सेकंद सापडले. "अहो, चहा गार होतोय." पाठोपाठ त्यांचाच आवाज आला, "गप्प बस गं, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"बाकीचं कुठे गेलं, काका?"

त्यांनी मान खाली घातली.

"पंख्याच्या घरघरीबरोबर तिचं बोलणंही मीच पुसत आलो. गाणं स्वच्छ यावं म्हणून."