शेंदरी जोडी

"खाली ठेवू नकोस गं त्याला, चिरडेल कुणीतरी." बाजारातल्या गर्दीत आई हे म्हणाली तेव्हा ताई स्वतःच आईच्या कमरेएवढी होती. कडेवरचा भाऊ तिच्या निम्म्या वजनाचा. आई गेली, तो बाजारही उठला. आवाज तेवढा कानात राहिला.

आता त्या भावाच्या मिशा पिकू लागल्या होत्या, तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. दोघंही भेकांच्या खोलीत कामाला. थंडगार खोली, काचेच्या पेट्या, आत शेवाळ आणि झुळझुळ पाणी. दूरच्या पावसाळी रानातले हे भेक, बेडकांच्याच जातीतले, अंगठ्याएवढे. एका ओढ्याचे पिवळेधमक, पलीकडच्या ओढ्याचे काळ्या पट्ट्यांचे, त्याही पलीकडचे शेंदरी. सगळी चुलत भावंडं, पण एकाला दुसऱ्याच्या पेटीत घालायचं नाही. रानात रोग शिरला आणि ओढे ओस पडले. उरले ते इथे, जपायला आणलेले.

शेंदरी पेटीत नर मादीच्या पाठीवर बसून कित्येक आठवडे झाले होते. यांची रीतच ती. एकदा मिठी मारली की मादी अंडी घालेपर्यंत सोडायची नाही. मादी हिंडायची, माशी दिसली की गट्ट करायची. वरचा उपाशी. सोडवायचा विषय निघाला की ताई म्हणायची, "असू दे अजून थोडं."

भेकांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "जावईबापू पार हडकले की! आजच्या आज सोडवा. अंड्यांचं नंतर बघू." मग त्या बाळ्याकडे वळल्या. "आणि तुझं काय? ओढ्यावरच्या केंद्रातून पुन्हा विचारलंय. पिल्लं रानात सोडायची तर तिथं राहणारा माणूस हवा. संध्याकाळी हो की नाही ते कळवायचंय."

"माझं कसलं जमतंय," बाळ्या हसला. "इथं ताईला डबा कोण उघडून देणार?"

"मला उघडतो की. तूच झाकण ठोकून बसवतोस."

सगळे हसले. बाळ्या जरा कमीच. जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहून ओढ्यावरून बोट फिरवत असतो, हे ताईने कितीदा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पाठ वळवली होती.

डॉक्टरीणबाई गेल्या. ताईने हातमोजे भिजवले, जोडी तळहातावर घेतली. नराचा एक हात सोडवला, की दुसरा सोडवेपर्यंत पहिला पुन्हा गच्च.

"सोडतच नाहीये मेला."

"सावकाश, ताई. मी इकडून धरतो."

सुटला. रिकाम्या पेटीतल्या ओल्या दगडावर तिने त्याला ठेवलं. हात तसेच वाकलेले, मिठी रिकामी. मादी आपल्या पेटीत सरळ पाण्याकडे चालत गेली.

दोघं वाकून बघत राहिली. बराच वेळ काही घडलं नाही. मग दगडाजवळून एक माशी चालली. नराची मान हलली, जीभ लवली, माशी गेली.

"खाल्लं!" बाळ्या म्हणाला.

ताईने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले.

"संध्याकाळपर्यंत कशाला थांबतोस?" ती म्हणाली. "आत्ताच कळव त्यांना, हो म्हणून. इतके दिवस मलाच जा म्हणवत नव्हतं. जा तू."