चिंचेला टांगलेला फोन

पवईच्या ऑफिसात बसून अस्मिता शेतकऱ्यांना विजेचे इशारे पाठवायची. एप्रिलमधल्या त्या दुपारी नकाशावरचा लाल ठिपका नेमका हिंगोलीकडच्या तिच्या गावावर सरकला. तिने मेसेज सोडला, ‘वीस मिनिटांत विजा पडतील. शेतात, झाडाखाली थांबू नका.’

मग वडिलांना फोन लावला. अण्णा उचलेनात. आज हळद वाळत घातली असणार, मेसेज बघायला फुरसत कुठली?

शेजारची गंधाली म्हणाली, “लावत राहा गं, कधीतरी ऐकू जाईल ना!”

अस्मिता लावत राहिली. नऊ वेळा. दहा वेळा. आईचा फोन रेंजमध्येच नव्हता, तो एकदाचा लागला.

“आई, कुठे आहात सगळे?”

“घरात. तुझा मेसेज वाचला नि अण्णांनी सगळ्या बायांना शेतातून आत आणलं.”

अस्मिताने खुर्चीला पाठ टेकली. “मग फोन का उचलत नाहीत ते?”

 

“गडबडीत तिथंच चिंचेला टांगलेला राहिला. मघापासून सारखा वाजतोय, पोरीला काय झालं म्हणून आत्ताच पळत गेले बघ आणायला.”