शून्याखाली

१९७८ सालचं गाळप जोरात होतं. सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात शरणप्पा मीटरच्या खोलीत बसायचा आणि त्याचे दाजी रेवणसिद्ध यंत्रं दुरुस्त करायचे. त्या दुपारी दाजी मळीच्या टाकीलगतच्या खोल खड्ड्यात उतरले होते.

टाकीत मळी किती आहे ते दाखवणाऱ्या मीटरपर्यंत खड्ड्यातल्या यंत्राकडून तारेतून थोडी वीज सतत यायची. टाकी रिकामी असली तरी ती यायची आणि काटा शून्यावर राहायचा. तार सुटली, तरच काटा शून्याच्याही खाली पडायचा.

तीनच्या सुमारास काटा खाली पडला आणि लगेच वर आला. पुन्हा पडला, पुन्हा वर आला. "दाजी तपासायलेत," असं शेजारच्याला सांगून शरणप्पानं कपात चहा ओतला. पंधरा मिनिटांनी काटा पडला तो तसाच राहिला. "तार सोडून जेवायला गेले जनू," म्हणून तो हसला.

संध्याकाळी दाजींना वर काढलं. शिडी मोडली होती, खड्ड्यात विषारी वायू साचला होता. कारखान्याच्या घरघरीत त्यांचं ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. सुटलेली तार अजून त्यांच्या मुठीत होती. ती बघताच शरणप्पाला काट्याचं ते खाली-वर होणं आठवलं. दाजी काही तपासत नव्हते.

आठ दिवसांनी बहीण दाक्षायणी त्याला म्हणाली, "त्येनी हाक मारली असती, तर तुला तरी कळली असती की रे?"



"व्हय, अक्का," शरणप्पा म्हणाला.