सात नंबरच्या दारावरची पाटी

१९५६ साली आमच्या कॉलेजच्या होस्टेलात दारादारावर पोरांच्या नावांच्या पाट्या लावायचं ठरलं. मी तिथला शिपाई. प्रिन्सिपॉलसाहेब मला म्हणाले, "गनी, दारावर स्वतःचं नाव दिसलं की पोराला कॉलेज आपलं वाटतं." एका खोलीत दोन पोरं, म्हणून दारावर दोन पाट्या. रेक्टर एकेक हातात देत गेले, सगळ्या मीच ठोकल्या.

पुढच्याच महिन्यात सात नंबरचा मुकुंद रुमडे भाट्याच्या खाडीत बुडाला. रेक्टर म्हणाले, "त्याची पाटी काढून टाक." मला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि कोणाला विचारायची लाज वाटली. दोनातली एक काढली.

वर्षभराने प्रौढांच्या वर्गात अक्षरओळख झाली, तसा मी आधी त्या दारापाशी गेलो. बोट ठेवून वाचलं. मु-कुं-द.

त्या खोलीत आता एकटाच राहणारा दिगंबर बाहेर आला.

"वर्षभर बोलला का नाहीस रे? थांब, ही काढतो," म्हणत मी खिळ्याला पक्कड लावली. त्याने माझा हात धरला.



"असू दे, गनीचाचा. मला खोली पाटीशिवाय सापडते. त्याला यायला पाटी लागते."