शेवटची सभासद

रहस्यकथाकार यशवंत खांबेटे यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण वाचनालयातल्या यंत्रात जपलेलं त्यांचं मन अजून रोज एक प्रकरण लिहीत होतं. ज्या दिवशी प्रकरण न्यायला कुणी येणार नाही, त्या दिवशी यंत्र बंद करायचं, असा करार होता.

आता एकच वाचक उरली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या इंदुताई वझरकर.

"उद्या येऊ नका हो, इंदुताई," खांबेटे यंत्रातून म्हणाले होते. "सुटू द्या मला."

"पुस्तक अर्धवट सोडायची सवय नाही मला."

मग खांबेट्यांनी मुद्दाम रटाळ लिहिलं. इंदुताईंनी तेही वाचलं, वर चुकांखाली पेन्सिलीने रेघा मारून आणल्या. शेवटी काल खांबेट्यांनी चाळीस वर्षं गाजलेल्या डिटेक्टिव्ह रणधीरला पहिल्याच पानावर मारून टाकलं आणि खाली 'समाप्त' लिहिलं.

आज इंदुताई आल्या, त्या डोळे सुजवूनच. सुटलो, खांबेट्यांना वाटलं.

"गेला बिचारा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या खिशात नाटकाची दोन तिकिटं कशी? तो तर कायम एकटा जायचा."

उत्तर द्यायचं नाही, असं खांबेट्यांनी ठरवलं. पण दुसरं तिकीट कुणाचं, ते त्यांना तेवढ्यात सुचलं होतं, आणि प्रिंटर सुरू झाला होता.