थोरलीचा हात
भुयारातल्या महायंत्रात कणांच्या टकरी दहापट वाढणार होत्या. त्या टकरी टिपणारं जुनं शोधकयंत्र तो मारा सोसणार नव्हतं, म्हणून दोघी बहिणी नव्या यंत्राच्या सिलिकॉनच्या पट्ट्या जोडत होत्या. केसाहून बारीक तारा भिंगाखाली चिमट्यानं बसवायच्या. हे काम थोरलीनंच धाकटीला शिकवलं होतं. त्या सकाळी थोरलीचा चिमटा थरथरला, पट्टीवर ओरखडा उठला आणि महिन्याभराची मेहनत मातीमोल झाली. “कुणाकडून झालं?” साहेबांनी विचारलं. “माझ्याकडून,” धाकटी चटकन म्हणाली. थोरलीनं हातमोजे काढले. “खोटं बोलतेय ती. माझाच हात कापतो हल्ली. आमच्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं.” शेवटी शेवटी बाबांना घाससुद्धा दोघीच भरवायच्या. थोरलीनं उठून धाकटीला आपल्या खुर्चीवर बसवलं. धाकटी चिमटा उचलायचं सोडून स्वतःच्या बोटांकडेच बघत राहिली. “बोटांकडे नको,” थोरली म्हणाली, “तारेकडे बघ.”