भोंग्याचा रीटेक

इंदूरच्या बंद मिलवर सिनेमा काढायला आलेल्या दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं. त्याच्या या ध्यासावर माहितीपट करणारेही सोबत होते. सकाळी त्यानं चार वर्षं मुका असलेला भोंगा वाजवला, तसे साचेखात्यातले जुने विणकर केशवराव पोळ्यांचा डबा घेऊन फाटकाशी धावत आले, मागून अख्खा मोहल्ला.

"भिया, मिल चालू झाली का?"

"शूटिंग आहे, काका. पण डोळ्यांतलं पाणी अगदी अस्सल हं! कॅमेरा उशिरा लागला, उद्या पुन्हा असंच धावा."

दुसऱ्या दिवशी भोंगा तीनदा वाजला. केशवराव ओट्यावरून हलले नाहीत; कुणीच हललं नाही.

 

दिग्दर्शक माहितीपटवाल्यांकडे वळून म्हणाला, "बघा, या लोकांना कामाची आवडच नाही. मिल उगाच नाही बंद पडली."